गाडीचा बल्ब गेला? गॅरेजला जाण्याआधी बॉनेट उघडा

मी बेळगावात टिळकवाडीला राहते आणि जांबोटीकडच्या एका शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यात शाळेतली बैठक लांबली आणि परतायला अंधार झाला. कुसमळी मागे टाकून किणयेच्या अलीकडे आले, तर समोरून येणारा ट्रक सरळ माझ्या अंगावर यायला लागला. अगदी शेवटी त्याने गाडी आत घेतली, काच खाली करून कानडीत दोन शब्द ऐकवले आणि गेला. मी बाजूला थांबून खाली उतरले, तर गाडीचा उजवा हेडलाइट बंद. डावा एकटा दिवा बघून त्याला मी मोटारसायकल वाटले होते. रस्त्याच्या मधल्या बाजूची अर्धी गाडी त्याला दिसतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेले. दिव्याकडे दहा सेकंद बघून तिथल्या माणसाने सांगितलं, ‘मॅडम, पूर्ण असेंब्ली, म्हणजे अख्खा दिवाच, बदलावी लागेल, साडेतीन हजार.’ विचार करते म्हणून घरी आले. शेजारचे मामा बस डेपोत इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. त्यांनी एकच विचारलं, ‘बल्ब काढून बघितलीस काय गं आधी?’ नव्हता बघितला. बल्ब निघाला, त्याची तार तुटलेली होती. नवीन १४० रुपयांना मिळाला आणि बसवायला पंचवीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा मी घाबरण्यात घालवली.

तेव्हापासून घरच्या आणि शाळेतल्या सहकाऱ्यांच्या मिळून सहा-सात गाड्यांचे बल्ब मी बदललेत. दोनदा मात्र गाडी मुकाट्याने गॅरेजला नेली, आणि ते बरंच केलं. कधी स्वतः करायचं आणि कधी पैसे मोजायचे, ते खाली क्रमाने लिहिलंय.

१. नेमका कुठला दिवा गेलाय ते बघा

‘लाइट गेली’ एवढं सांगून चालत नाही. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा आणि एकेक दिवा लावा: पार्किंग, डिपर (जवळ, खाली पडणारा उजेड), अप्पर (लांब पडणारा), दोन्ही इंडिकेटर, फॉग लॅम्प असला तर तोही. मग गाडी उलटी लावा, म्हणजे एखाद्या बंद दुकानाच्या शटरकडे पाठ करून, आणि ब्रेक दाबा. शटरवर लाल उजेड दोन्ही बाजूंना सारखा पडतो का ते आरशात दिसतं. घरात कुणी असेल तर त्याला मागे उभं करा. नसेल तर मोबाइल मागे टेकवून व्हिडिओ चालू ठेवा.

काही खुणा बसल्या जागीच कळतात. इंडिकेटर एका बाजूला नेहमीपेक्षा भरभर टिकटिकायला लागला, की त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेला असं समजा. अप्पर लागतो पण डिपर नाही, असं एकाच दिव्यात असेल तर बहुधा बल्बमधल्या दोन तारांपैकी एक तुटलेली असते. बल्ब तरीही अख्खाच बदलावा लागतो. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटरही मिणमिणायला लागला, तर दोष बल्बचा नाही, अर्थिंगचा, म्हणजे करंट परत जायच्या जोडणीचा आहे. तिथे नवीन बल्ब घालून काही होणार नाही.

२. बल्ब की फ्यूज?

दोन्ही बाजूंचे दिवे एकदम गेले तर बल्बवर संशय घेऊ नका. दोन बल्ब एकाच मिनिटाला सहसा जात नाहीत. फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) किंवा स्विच बघा. फ्यूजचा डबा बॉनेटखाली बॅटरीच्या आसपास किंवा स्टिअरिंगच्या खाली असतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा ते छापलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या हेडलाइटचे फ्यूज वेगळे असतात, त्यामुळे एकच दिवा गेला तरी एकदा फ्यूज बघायला हरकत नाही.

फ्यूजचा रंग म्हणजे त्याची ताकद: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. गेलेला लाल असेल तर नवीनही लालच घाला. निळा घालून ‘चालतंय की’ म्हणणारे भेटतील. चालतं खरं, पण मग फ्यूजऐवजी वायर जळते.

३. हात पोचतो का?

माझा सगळा निर्णय या एका प्रश्नावर असतो. बल्ब महाग नसतो, बसवणंही अवघड नसतं. अवघड असतं ते तिथपर्यंत पोचणं. म्हणून गाडी थंड असताना बॉनेट उघडा आणि हेडलाइटच्या मागच्या बाजूला हात घाला. काळी रबरी टोपी किंवा गोल प्लास्टिकचं झाकण हाताला लागलं, त्यातून बाहेर आलेला कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग) चिमटीत धरता आला, तर काम तुमचं. बोटं नुसतीच टेकत असतील आणि काही दिसत नसेल, तर आरसा आणि टॉर्च घेऊन पाच मिनिटं अंदाज घ्या.

एकाच गाडीतही दोन्ही बाजू सारख्या नसतात. एकीकडे बॅटरी आडवी येते, दुसरीकडे एअर फिल्टरचा डबा किंवा काच धुवायच्या पाण्याची टाकी. माझ्या गाडीत डावा बल्ब पाच मिनिटांचा आहे, उजव्यासाठी मनगट वाकडं करावं लागतं. मामांचा हात तर जातच नाही, माझा जातो. बारीक हाताचा असाही एक फायदा.

खालच्या चार प्रसंगी मात्र गॅरेजच बरं:

- बल्बसाठी बंपर उतरवावा लागतो किंवा चाकाच्या वरचं आतलं प्लास्टिक काढावं लागतं तेव्हा. काढता येतं, पण लॉक तुटले की बंपर कायमचा खडखडत राहतो.
- दिवा पूर्ण एलईडीचा आणि बंदिस्त असतो तेव्हा. त्यात बदलायला बल्बच नसतो.
- झेनॉनचा दिवा असतो तेव्हा. तो पेटताना २०,००० व्होल्टच्या वरचा झटका तयार होतो. तिथे बोट घालायचं नाही, बस्स.
- कपलर वितळलेला, काळा पडलेला किंवा वायर उघडी पडलेली दिसते तेव्हा. हे काम मेकॅनिकचंही नाही, ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे.

४. बल्बचा नंबर

दुकानात जाऊन नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक आणि मॉडेलगणिक बल्ब बदलतो. गाडीसोबतच्या पुस्तिकेत शेवटच्या पानांत बल्बचा तक्ता असतो. पुस्तिका नसेल (जुनी गाडी घेतली की ती हमखास नसते), तर जुना बल्ब काढून सोबत न्या. धातूच्या बुडावर नंबर कोरलेला असतो.

साध्या छोट्या गाड्यांत हेडलाइटला बहुतेक एच४ असतो: मागे तीन पाती, आत दोन तारा, १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट. साठचा अप्पर, पंचावन्नचा डिपर. डिपर आणि अप्पर वेगळ्या खणांत असतील तर एच७, एच११ किंवा एचबी३ असे एकेरी तारेचे बल्ब निघतात. दिसायला ते भाऊभाऊ वाटतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. पार्किंगला आणि नंबर प्लेटला बहुधा पाच वॉटचा छोटा कॅपलेस, म्हणजे धातूचं बूड नसलेला, बल्ब असतो.

मागच्या दिव्यांत फसगत जास्त होते. नुसत्या रिव्हर्सला २१ वॉटचा एकेरी बल्ब, तर टेल आणि ब्रेक एकत्र असतील तिथे २१/५ वॉटचा दुहेरी. एकेरीच्या बुडाला करंट घेणारी एक टिकली, दुहेरीच्या बुडाला दोन. दुहेरीच्या बाजूच्या दोन खुंट्याही एका उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली. बल्ब उलटा बसू नये म्हणून ही योजना आहे. जोर लावून उलटा बसवणारे महाभाग असतात, मग पार्किंग लावल्यावर ब्रेकसारखा झगझगीत लाल दिवा लागतो आणि मागच्याला तुम्ही ब्रेक कधी मारला ते कळतच नाही. इंडिकेटरची काच पांढरी असेल तर आतला बल्ब नारिंगी लागतो आणि त्याच्या खुंट्यांची जागा वेगळी असते.

५. घ्यायचा कुठून, आणि काय घ्यायचं नाही

बेळगावात ऑटोनगरला किंवा उद्यमबागेच्या आसपास जाणं झालं तर तिथे, नाहीतर जवळच्या कुठल्याही चांगल्या स्पेअर्सच्या दुकानात नेहमीचे नंबर मिळतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर इथेही एच४ साठी अडत नाही. एचबी३ किंवा एच११ साठी कधी दोन दुकानं हिंडावं लागतं, म्हणून आधी फोन करा. फिलिप्स, ओसराम, ल्युमॅक्स यातलं जे मिळेल ते चालतं. खोका बघून भुलू नका, बल्ब हातात घेऊन बुडावरचं कोरीव काम वाचा. व्होल्ट, वॉट आणि गोलातलं ‘ई’ हे अक्षर अंकासह स्पष्ट कोरलेलं असावं. नुसता शाईचा ठसा असेल तर परत ठेवा.

हेडलाइटचे बल्ब जोडीने घ्या. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले असतात, एक गेला की दुसऱ्याची वेळही आलेली असते. शिवाय जुना दिवा पिवळट आणि नवा पांढरा, असं ध्यान दिसत नाही.

दुकानदार दोन गोष्टी आग्रहाने दाखवेल.

पहिली म्हणजे १००/९० वॉटचा ‘जास्त उजेडवाला’ बल्ब. साधा ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो. १०० वॉटचा सव्वाआठ घेतो, दोन मिळून सोळाच्या वर. कंपनीने दिलेली वायर आणि होल्डर त्यासाठी नसतात. आमच्या एका सहकाऱ्याच्या गाडीत असे बल्ब होते. महिनाभर सगळे कौतुक करायचे, मग होल्डर वितळून बल्बला चिकटला. बल्ब गेला, होल्डर गेला आणि रिफ्लेक्टरची चकाकीही गेली.

दुसरी म्हणजे एच४ च्या खाचेत बसणारा एलईडी. हा मोह मलाही झाला होता. पण हॅलोजनच्या, म्हणजे या तारेच्या बल्बच्या, रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोन तार नेमकी कुठे आहे ते धरून बनवलेला असतो. डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते, तीच उजेड वर जाऊ देत नाही. एलईडीची टिकली त्या जागेवर आणि त्या मापाची असेलच असं नाही. मग उजेड वर, बाजूला, झाडांवर फाकतो. आपल्याला लख्ख वाटतं, समोरचा आंधळा होतो. आणि चोर्ला घाटाच्या धुक्यात तो पांढरा उजेड आपल्याच डोळ्यांवर उलटतो, समोर नुसती पांढरी भिंत. कर्नाटकात २०२४ च्या जुलैपासून डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांवर पोलिसांनी कारवाईची मोहीमही घेतली होती. शिवाय गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

६. लागणारं सामान

- स्टार स्क्रू ड्रायव्हर, मधल्या मापाचा
- दहाचा पाना, शक्यतो टी-पाना (मागचा दिवा किंवा बॅटरीचं टर्मिनल सोडवायला)
- स्वच्छ हातमोजे किंवा धुतलेला सुती रुमाल
- थोडं सर्जिकल स्पिरिट
- बारीक पॉलिश पेपरचा तुकडा
- टॉर्च आणि छोटा आरसा
- स्क्रू ठेवायला वाटी. ही मी गंमत म्हणून लिहिलेली नाही.

मल्टिमीटर असला तर उत्तम, नसला तर अडत नाही.

७. हेडलाइटचा एच४ बदलताना

इंजिन बंद, दिवे बंद, किल्ली खिशात. दिवा आत्ताच चालू होता तर पंधरा मिनिटं चहा प्या. हॅलोजन बल्बची काच चटका नाही, फोड आणते.

आधी मागच्या भागाचा मोबाइलवर फोटो काढा. क्लिप कुठल्या खाचेत होती हे दहा मिनिटांनी आठवत नाही, कितीही खात्री वाटली तरी.

कपलर दोन्ही बाजूंनी धरून सरळ मागे ओढा. वायर धरून ओढायचं नाही. जुन्या गाडीत तो घट्ट बसलेला असतो, तेव्हा किंचित डावी-उजवीकडे हलवत काढा. मग रबरी टोपी तिच्या कानांना धरून सोलल्यासारखी काढा. आत बल्बच्या बुडावर तारेची स्प्रिंग क्लिप दिसेल. ती आत दाबा, बाजूला सरकवा, सोडा. ती बिजागरीवर मागे पडते. काही गाड्यांत ती सुटी असते. माझ्याकडून एकदा तशीच उडाली आणि बंपरच्या पोटात जाऊन बसली, काढायला अर्धा तास आणि फ्रिजवरचं लोहचुंबक लागलं. म्हणून क्लिप सोडताना दुसरं बोट तिच्यावर ठेवा.

जुना बल्ब सरळ बाहेर येतो. नवीन बल्ब खोक्यातून काढताना फक्त धातूचं बूड धरा, काचेला बोट लावू नका. हे सगळे सांगतात पण का ते सांगत नाहीत. ती साधी काच नाही, क्वार्ट्झ आहे आणि ती भयंकर तापते. बोटाचं तेल लागलेल्या ठिकाणी उष्णता साचते, काच तिथे कमजोर होते आणि बल्ब वेळेआधी जातो. चुकून बोट लागलंच तर स्पिरिटने पुसा, वाळू द्या, मग बसवा.

एच४ च्या चकतीला तीन कान असतात आणि त्यातला एक रुंद असतो. तो बहुतेक गाड्यांत वरच्या बाजूला येतो. बल्ब एकाच पद्धतीने सपाट बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा. तिरका बसलेला बल्बही पेटतो, आणि आपल्याला वाटतं काम झालं. उजेड मात्र भलतीकडे जातो. बसल्यावर क्लिप लावा, बल्ब हलवून बघा, हलता कामा नये.

आता टोपी. काही टोप्यांवर वरच्या बाजूची खूण असते, ती वर ठेवा आणि कडा बोटाने पूर्ण गोल फिरवून दाबा. मी एकदा घाईत खालची कड दाबायला विसरले. खानापूर-जांबोटीचा जुलैमधला पाऊस तुम्हाला माहीत आहे. चार दिवसांत दिव्याच्या आत दहिवर जमलं, आठवड्यात तळाशी पाणी. मग दिवा उतरवून उन्हात ठेवायची वेळ आली, आणि त्या आठवड्यात ऊन कुठलं! शेवटी हेअर ड्रायर वापरला.

शेवटी कपलर ‘टक्’ होईपर्यंत दाबा आणि दिवा लावून बघा. बॅटरी सोडवायची गरज साध्या बल्बसाठी नसते. जागा करायला बॅटरी हलवावी लागली, तर वजा टर्मिनल आधी काढा आणि शेवटी लावा. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जातं, ते पुन्हा करावं लागेल.

८. मागचे दिवे

हे सोपं काम आहे, याचे पैसे गॅरेजला देऊ नका. डिकी उघडा, दिव्याच्या कडेला दोन स्क्रू असतात, ते काढा आणि दिवा सरळ मागे ओढा. बाहेरच्या बाजूला तो प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसलेला असतो, त्यामुळे बाजूला उचकटू नका, खुंटी तुटेल. काही गाड्यांत आतलं अस्तर बाजूला केलं की होल्डर तसाच हातात येतो.

होल्डर डावीकडे फिरवून काढा. बल्ब आत दाबा, दाबूनच डावीकडे फिरवा, सोडा. आपल्याकडच्या पावसाने तो गंजून अडकलेला असतो. काच फुटली तर दिवे बंद असल्याची खात्री करून पकडीने बूड धरून फिरवा. होल्डरच्या आत हिरवट-पांढरी पूड दिसली तर पॉलिश पेपरने घासून घ्या. कित्येकदा बल्ब चांगलाच असतो, एवढ्या घासण्यानेच दिवा लागतो.

नंबर प्लेटचा दिवा विसरू नका. मागची प्लेट रात्री वाचता आली पाहिजे, हा नियम आहे, आणि नाक्यावर थांबवायला एवढं कारण पुरतं.

९. भिंतीवर खूण

सपाट जागेवर गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. शक्यतो बल्ब बदलण्याआधी डिपरच्या उजेडाची वरची कड कुठे पडते तिथे चिकटपट्टी लावा, बदलल्यावर पुन्हा बघा. डिपरची कड हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा पाच ते सात सेंटिमीटर खाली असावी आणि डावीकडे थोडी वर चढलेली दिसावी, कारण आपण डावीकडून चालतो आणि उजेड कडेच्या माणसावर पडायला हवा. उजवीकडे वर चढत असेल तर बल्ब नीट बसलेला नाही.

डॅशबोर्डवर ० ते ३ असं छोटं चाक असेल तर ते आधी शून्यावर आणा. दिव्यामागचे समायोजनाचे स्क्रू मात्र भिंतीवर खूण केल्याशिवाय हलवू नका.

१०. गॅरेजला न्यायचीच असेल तर

दिवा उघडण्याआधी दोन आकडे वेगळे मागा: बल्बचे किती, मजुरीचे किती. एकच आकडा सांगितला की त्यात काय काय आहे ते कळत नाही. बल्ब आपण नेला तर चालेल का तेही विचारा. काही जण नाही म्हणतात, त्यांचंही बरोबर आहे, आपल्या बल्बची हमी त्यांनी का द्यावी? काम झालं की जुना बल्ब परत मागा. तार तुटलेली दिसली पाहिजे.

बेळगाव शहरात मराठीत सगळं निभतं. बैलहोंगल, गोकाककडे गेलात तर एवढं कानडी पुरे: ‘बल्ब एष्ट री? लेबर एष्ट?’, म्हणजे बल्बचे किती, मजुरीचे किती, आणि ‘हळे बल्ब कोड्री’, म्हणजे जुना बल्ब द्या. मोडकंतोडकं बोललात तरी समोरचा हसतो आणि भाव करायला जागा होते.

‘असेंब्ली बदला’ हे तेव्हाच ऐका, जेव्हा काच फुटलीय, रिफ्लेक्टरची चांदी उडालीय किंवा दिवा लटकतोय. काच नुसती पिवळी पडली असेल तर आधी पॉलिश करून बघा. गाडी वॉरंटीत असेल तर त्याच नंबरचा बल्ब बदलणं वेगळं आणि वायर कापून काही जोडणं वेगळं. दुसरं केलंत तर इलेक्ट्रिकच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

गॅरेजला दिलेले पैसे वायाच जातात असं माझं म्हणणं नाही. आमच्या दिरांच्या गाडीचा फॉग लॅम्प बंपर न उतरवता निघत नाही. तिथे मी चारशे रुपये मजुरी आनंदाने दिली आणि सावलीत बसून पेपर वाचला.

११. बल्ब सारखाच जात असेल तर

वर्षात दोनदा त्याच बाजूचा गेला तर कपलर सैल आहे का, टोपीतून पाणी शिरतंय का ते बघा. दोन्ही बाजूंचे जात असतील तर चार्जिंग तपासा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. पंधराच्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. इथे स्वतः काही करू नका, ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

१२. घाटात गेला तर

आपल्या भागात हे होतंच. आंबोलीला जाताना शिनोळीला महाराष्ट्र लागतो, चोर्ल्याने गेलं की कणकुंबीनंतर गोवा. रात्री, पावसात, राज्य बदलताना एक दिवा गेला तर काय?

दोन्ही बाजूंना एकाच नंबरचा बल्ब असतो. उजवा गेला असेल आणि सुटा बल्ब जवळ नसेल, तर डावीकडचा चांगला बल्ब काढून उजवीकडे बसवा. समोरून येणाऱ्याला गाडीची रस्त्याच्या मधली कड दिसणं जास्त गरजेचं आहे. डावीकडे पार्किंग लावून ठेवा आणि जवळच्या गावापर्यंत हळू जा. उजेड कमी पडतो म्हणून सतत अप्परवर चालवू नका, समोरच्याला काहीच दिसत नाही. बल्ब बदलायला थांबाल ते वळणावर नाही, एखाद्या चहाच्या टपरीसमोर किंवा पंपावर, धोक्याचे चारही इंडिकेटर लावून. ऊस हंगामात तर जास्तच सांभाळा, बिनदिव्याची ट्रॉली तुम्हाला दिसायला हवी आणि तुम्ही मागच्याला.

पोलिसांनी थांबवलं तर कागद जवळ असू द्या: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले चालतात, पण घाटात नेटवर्क नसतं, म्हणून आधीच उघडून ठेवा किंवा मूळ कागद घ्या. बंद दिव्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘आत्ताच गेला साहेब’ हे वाक्य तिन्ही राज्यांच्या पोलिसांनी इतक्यांदा ऐकलंय, की हातात नवीन बल्बचा खोका असला तरच त्याला वजन येतं.

माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जुना चष्म्याचा डबा आहे. त्यात रुमालात गुंडाळलेला एक एच४, एक दुहेरी टेल बल्ब, एक कॅपलेस, लाल आणि निळा फ्यूज एकेक. मागच्या महिन्यात कणकुंबीजवळ फोंड्याच्या एका कुटुंबाला त्यातला एच४ दिला. त्यांचं बाळ रडत होतं, म्हणून बल्ब मीच बसवला, छत्री त्यांच्या आजीने धरली. पैसे घेतले नाहीत तर आजींनी जबरदस्तीने एक फणस डिकीत टाकला. फणस घरी येईपर्यंत डिकीचा दिवा लागत नाही हे कळलं. तो अजून बदलायचाय.